गच्चीवरील वृक्ष

जगात काही कृत्ये अशी आहेत की, ती चांगली की वाईट हा प्रश्न विचारणेच लोकांस अशिष्ट वाटते. तहानलेल्यास पाणी देणे, वाटसरूस वाट दाखविणे आणि झाड लावणे ही त्यांपैकी होत. झाड लावणाऱ्याचा हेतू कोणी तपासीत नाही, त्याच्या कृत्याचा परिणाम कोणी मोजीत नाही. खड्डा खणला, रोप उभे केले, झारीभर पाणी ओतले, की पुण्य पदरात पडले असे आपण धरून चालतो. मत्स्यपुराणकारांनी तर वृक्षाची योग्यता पुत्राहून अधिक मानली आहे. तेव्हा त्यापुढे शंका काढण्याची छाती कोणाची? तथापि चिकित्सेतून सुटलेले सत्कृत्य हळूहळू विधीचे रूप घेते, आणि विधीत हातवारे तेवढे उरतात, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. म्हणून ज्याच्या चांगुलपणाविषयी आपल्या मनात लवमात्र संशय नाही, अशा एखाद्या कृत्याची अधूनमधून उलटतपासणी करून पाहणे आम्हांस इष्ट वाटते.

ह्या लेखास निमित्त झाले ते आमच्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सध्या चाललेल्या एका बोलण्याचे. तेथील एका सार्वजनिक इमारतीच्या गच्चीवर बाग करावी, आणि तीत नुसती फुलझाडे न लावता चांगले सावली देणारे वृक्ष लावावेत, अशी सूचना काही उत्साही गृहस्थांनी मांडली आहे. सूचनेस विरोध असा कोणी केलेला नाही. विरोध करण्यासारखे तीत आहे तरी काय, असेच सर्वांस वाटले. आमच्या स्नेहमंडळींत मात्र तिच्यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि त्या चर्चेत आम्ही जी बाजू घेतली तिचे स्वरूप थोडे विस्ताराने मांडावे, असा येथे विचार आहे.

ही इच्छा उत्पन्न का झाली, हे समजण्यास ज्याने जालन्याची एमआयडीसी वैशाखात पाहिली आहे त्यास कोणी सांगावयास नको. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल, बियाण्यांची गोदामे, पत्र्यांची लांबच लांब छपरे, भंगाराने भरलेल्या ट्रकांच्या रांगा, आणि ह्या सर्वांवर ओतले जाणारे ऊन. पारा ४२ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत काँक्रीटच्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, आणि तिच्याखालच्या खोलीत बसलेल्या कारकुनास रात्रीपर्यंत भिंतींची धग लागते. अशा ठिकाणी मनुष्याच्या मनात हिरव्या पानाची ओढ उपजली नाही, तरच नवल. गच्चीवर मातीचा थर असला म्हणजे खालची खोली थंड राहते, पावसाचे पाणी एकदम वाहून न जाता जिरत जिरत उतरते, चार पाखरे येतात, हे सर्व खरे आहे. जुन्या धाब्याच्या घरांत वाढलेल्या मराठवाड्यातील माणसास मातीच्या छताचा गुण कोणा शास्त्रज्ञाकडून शिकावा लागत नाही. तेव्हा गच्चीवर हिरवळ असावी की नसावी हा आमचा वाद नव्हे. वाद आहे तो वृक्षाविषयी.

वृक्ष म्हटला म्हणजे तो काय मागतो, हे आधी पाहिले पाहिजे. गवतास व हंगामी भाज्यांस वीतभर माती पुरते. वृक्षास निदान हात-दोन हात खोल माती लागते, आणि भिजलेली माती दर घनमीटरास पावणेदोन टनांच्या आसपास भरते. ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो, तिने स्वतःच्या वजनाखेरीज दर चौरस मीटरास साधारण १५० किलोचा भार सोसावा, असे आपल्याकडील बांधकामाचे मान आहे. एक मीटर मातीचा भार ह्याच्या दसपटीहून अधिक झाला. त्यावर झाडाचे वजन आणि वळवाच्या वाऱ्याचा हिसका वेगळा. अर्थात ज्या इमारतीचे खांब व तुळया मुळातच हा भार धरून उभारलेल्या नाहीत, तिच्यावर वृक्ष लावणे हा धाडसाचा नव्हे, बेजबाबदारपणाचा प्रकार आहे. हा भाग इंजिनियराचा आहे, आणि तो त्याच्या हाती सोपवून आपण पुढे जाऊ. कारण भार पेलण्यासारखी इमारत बांधता येते, आणि ती बांधली म्हणजे खरा प्रश्न सुरू होतो.

परंतु पुढे जाण्यापूर्वी एका झाडाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. इमारतीवर झाड ही कल्पना आपल्या लोकांस मुळीच नवी नाही. पडक्या वाड्याच्या माडीवर, वेशीच्या कमानीवर, किल्ल्याच्या तटावर, देवळाच्या शिखराच्या सांध्यात पिंपळ उगवलेला ज्याने पाहिला नाही असा मराठी मनुष्य सापडणे कठीण. त्यास कोणी लावीत नाही, कोणी पाणी घालीत नाही. पाखराच्या विष्ठेतून बी पडते, चुन्याच्या भेगेत ओल धरते, आणि दहावीस वर्षांत ते मूळ मणामणाचे चिरे बाजूस सारते. धर्मभीरू मालक त्यास कोयता लावीत नाही, आणि वाडा खाली येतो. हा पिंपळ मनुष्याच्या उपकाराखाली नसतो. त्यास जे हवे ते तो घेतो, आणि त्याची किंमत इमारत मोजते. गच्चीवर आपण होऊन लावलेला वृक्ष ह्याच्या अगदी उलट असतो. त्यास भेगेत शिरण्याची मोकळीक नसते. मुळे खाली उतरू नयेत म्हणून आपण जलरोधक थर अंथरतो, मुळे अडविणारे जाड पडदे घालतो, त्याची वाढ छाटणीने आटोक्यात ठेवतो. म्हणजे ज्या गुणामुळे वृक्ष हा वृक्ष होतो, स्वतःचे पाणी स्वतः शोधण्याची जी त्याची शक्ती, तीच आपण प्रथम काढून घेतो. इमारतीच्या हितासाठी हे अवश्य आहे. परंतु ज्याची शक्ती आपण काढून घेतली, त्याच्या पोटाची जबाबदारी आपणांवर येते की नाही?

आमच्या मते सर्व विषयाचे मर्म येथे आहे. जमिनीत लावलेले झाड आणि गच्चीवर लावलेले झाड ही वरवर एकाच कृत्याची दोन स्थाने दिसतात. वस्तुतः ती दोन निराळी कृत्ये आहेत. जमिनीत लावलेला कडुनिंब दोन-तीन उन्हाळे सांभाळावा लागतो. त्यानंतर त्याचे मूळ खाली ओल गाठते, आणि मग आपण त्यास विसरलो तरी तो आपणांस क्षमा करतो. लावणारा मरतो, त्याचे नाव पुसले जाते, झाड सावली देत राहते. ह्यास दान म्हणणे यथार्थ आहे, कारण दानाचे लक्षणच हे की दिलेली वस्तू देणाऱ्यापासून सुटी होते. गच्चीवरचे झाड कधीच सुटे होत नाही. दहाव्या वर्षीही ते पहिल्या वर्षाइतकेच पराधीन असते. किंबहुना अधिक, कारण त्याची तहान वाढलेली असते आणि माती तेवढीच असते. एप्रिल-मे महिन्यांत आठ दिवस पाणी चुकले की दहा वर्षांचे झाड कोळते. असे झाड लावणे हे दान नसून वचन आहे, आणि तेही एकदा देऊन भागणारे नव्हे, तर रोज सकाळी पुन्हा पाळावयाचे. पुत्राची उपमाच चालवावयाची, तर हा पुत्र कधी सज्ञान होत नाही.

मग वचन देणारा कोण आणि पाळणारा कोण? प्राचीन काळच्या सात आश्चर्यांत बाबिलोनच्या ज्या झुलत्या बागांची गणना होते, त्यांची कथा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. नेबुकद्नेसर राजाची राणी डोंगराळ मुलखातली होती. सपाट प्रदेशात तिचा जीव रमेना, म्हणून राजाने कमानींवर कमानी रचून त्यांवर वृक्ष लावविले, अशी ती कथा. जर्मन संशोधक रॉबर्ट कोल्डेवे ह्याने १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबिलोन खणले, पण त्या बागांचा निःसंशय असा मागमूस लागला नाही. अलीकडे स्टेफनी डॅली ह्या ऑक्सफर्डच्या विदुषींनी तर त्या बागा बाबिलोनच्या नसून असुरांच्या निनेव्हे नगरीतील सेनाखेरिब राजाच्या असाव्यात, असे मत मांडले आहे. म्हणजे बागही गेली आणि तिचा पत्ताही वादग्रस्त झाला! आम्हांस ह्या कथेत वेगळ्याच गोष्टीचे महत्त्व वाटते. राजाचे नाव राहिले, राणीच्या विरहाची गोष्ट राहिली. स्ट्रेबो नामक ग्रीक भूगोलकार मात्र जाता जाता एक बारीकसा तपशील नोंदवून गेला आहे: जिन्याच्या बाजूने पाणी वर चढविणारी मळसूत्री यंत्रे होती, आणि नदीचे पाणी सतत वर चढविण्यासाठी माणसे नेमलेली होती. सतत हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. राजाने प्रेम व्यक्त केले एकदा. पाणी चढविणाऱ्यांनी ते चालविले रोज. बाग नेमकी कोणाची म्हणावी, हा प्रश्न त्या ग्रीकास पडला नाही, पण आपणांस पडावयास हरकत नाही.

परदेशचे उदाहरण कशाला, आपल्या मुंबईतच ह्या प्रकारची एक जुनी बाग आहे. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान, ज्यास सर्व जग हँगिंग गार्डन म्हणते, ते शाळेच्या सहलीत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. परंतु आपण ज्या हिरवळीवर बसून दाणे खाल्ले, ती हिरवळ एका सार्वजनिक वास्तूच्या छपरावर आहे, हे कितीजणांस ठाऊक असते? १८८१ च्या सुमारास आखलेली ही बाग मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर आहे. शेजारच्या पारशी दखम्यांवरील गिधाडांमुळे पाणी दूषित होऊ नये म्हणून तो जलाशय झाकला, अशी एक लोककथा सांगतात. तिचे खरेखोटे काही असो, खाली दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी आणि वर बाग, अशी ही व्यवस्था एका शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. बाग इतकी वर्षे का टिकली, ह्याचा विचार केला म्हणजे दोन कारणे दिसतात. एक तर खालची वास्तू दगडाची व भार पेलणारी होती. दुसरे, तेथे माळी होते. महापालिकेच्या पगारपत्रकावरचे, पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेलेले, ज्यांचे नाव कोणत्याही शिलेवर नाही असे माळी. ज्या थोर पुरुषाचे नाव बागेस दिले आहे त्याची योग्यता आम्ही जाणतो; त्याने मुंबईच्या नगरपालिकेस जे वळण लावले ते आमच्या आदराचा विषय आहे. तरी बागेचे आयुष्य झारीने मोजावयाचे तर नावांची यादी निराळीच होईल.

ह्या बागेवर अलीकडे जो प्रसंग आला, तो तर नीतिशास्त्राच्या वर्गात ठेवण्यासारखा आहे. जलाशय जुना झाला, त्याची पुनर्बांधणी करावी असे पालिकेने ठरविले, आणि त्यासाठी ३८९ झाडे तोडावी किंवा हलवावी लागतील असे २०२३ मध्ये जाहीर झाले. आसपासच्या रहिवाशांनी मोठा विरोध केला. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, जलाशयाचा अंतर्भाग पाहण्यात आला, आणि २०२४ मध्ये पुनर्बांधणीचा विचार मागे पडून दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. झाडे वाचली, ह्याचा आनंद आम्हांसही झाला. परंतु क्षणभर अशी कल्पना करा की, समितीस आत खरोखरच भिंती खचलेल्या आढळल्या असत्या. मग एका बाजूस ३८९ वृक्ष आणि दुसऱ्या बाजूस लक्षावधी लोकांचे पाणी, ह्यांत न्याय कोणी व कसा करावयाचा होता? आमच्या मते उत्तर पाण्याच्या बाजूने द्यावे लागले असते, आणि ते देताना कोणासही सुख झाले नसते. इमारतीच्या माथ्यावर वृक्ष लावणारा मनुष्य हा पेच पुढच्या पिढीच्या दारात ठेवून जातो. जमिनीवरच्या वृक्षाखाली काही म्हातारे होत नाही. गच्चीवरच्या वृक्षाखाली स्लॅब म्हातारा होत असतो. आजच्या काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षांचे धरतात. कडुनिंब सहज शंभरी गाठतो, वड-पिंपळांचा तर हिशेबच नको. म्हणजे झाड भर तारुण्यात असताना त्याच्या पायाखालची भूमी मरणार, हे लावतानाच ठाऊक असते. फुलझाडाच्या बाबतीत हा विचार मनात येत नाही, कारण त्याचे आयुष्य एका हंगामाचे आणि आपली त्याच्यावरची मायाही तेवढीच.

इटलीत लुक्का गावी ग्विनिजी नामक चौदाव्या शतकातील एक मनोरा आहे. सुमारे पंचेचाळीस मीटर उंचीवर त्याच्या माथ्यावर ओकची झाडे आहेत, आणि प्रवासी ती पाहण्यास मुद्दाम जातात. तेथे सातच झाडे आणि सारे गाव त्यांस ओळखते, म्हणून ते जमते.

आता जालन्याकडे येऊ. येथे पाण्याचा प्रश्न पुस्तकातला नाही. निजामाच्या अमदानीतील घाणेवाडीचा तलाव, आणि पैठणहून जायकवाडीचे पाणी आणणारी नळयोजना, ह्यांवर गावाची तहान भागते. भागते म्हणण्यापेक्षा भागवून घेतली जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्या जिल्ह्याने जे भोगले ते अजून विस्मरणात गेलेले नाही. त्या वर्षी गावात टँकरांचे राज्य होते, आणि घाणेवाडीच्या कोरड्या तळ्यातून नागरिकांनी गाळ उपसला. परंतु सर्वांत कठीण वेळ आली ती मोसंबीच्या बागाइतदारांवर. जालन्याची मोसंबी नावाजलेली आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीचे झाड पाच-सहा वर्षे पोसावे तेव्हा कोठे फळाचा पैसा दिसू लागतो. त्या दुष्काळात शेतकऱ्यांनी विहिरींचे तळ खरवडले, दुरून टँकर आणून आळी भरली, अर्धी बाग वाळू देऊन अर्धी वाचविण्याचे निर्णय घेतले, आणि अखेर पुष्कळांनी आपल्या हातांनी वाढविलेल्या बागांवर कुऱ्हाड चालविली. ज्याने हे केले त्यास झाड म्हणजे काय हे कोणत्याही वक्त्यापेक्षा अधिक कळते. आता विचार करा: असेच दुसरे वर्ष उजाडले, आणि ह्या शेतकऱ्याच्या बागेस पाणी नसताना त्याच्याच तालुक्यातील एका सार्वजनिक इमारतीच्या गच्चीवर टँकरचे पाणी पंपाने चढविले जाऊ लागले, तर ते त्यास काय दिसेल? आणि उलट, पाणी चढविण्याचे बंद करून ती झाडे वाळू दिली, तर ज्यांनी ती समारंभपूर्वक लावली त्यांनी वचन मोडले असे होणार नाही काय? दोन्हीकडे दोष आहे. असा प्रसंग येणारच नाही, असे ह्या मुलखात तरी कोणी म्हणू नये.

येथे आम्हांस आपल्या सरकारी वृक्षारोपणांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तीमागील भावना उदात्त होती. आपल्या राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहेतीस कोटी रोपे लावण्याचे संकल्प सोडण्यात आले. तेहेतीस कोटी ह्या आकड्यात देवांची संख्या गाठण्याचा मोह कोणास झाला असेल तर आश्चर्य नाही. आमचा आक्षेप आकड्याच्या मोठेपणावर नाही. मोजले काय जाते ह्यावर आहे. मोजले जाते ते लावणे. लावणे हे एका सकाळी घडते, त्याचे छायाचित्र निघते, त्यास प्रमुख पाहुणा असतो. जगविण्यास ह्यांपैकी काही नसते. ज्या अधिकाऱ्याच्या हस्ते रोप लागले, तो दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याच्या जागी आलेल्यास ते वचन आपले वाटण्याचे कारण नसते. माळी कंत्राटी असतो, आणि कंत्राट संपते मार्चअखेर, म्हणजे झाडास पाण्याची खरी गरज लागते त्याच सुमारास! जमिनीवरची झाडे ह्या अव्यवस्थेतूनही काही प्रमाणात तगतात, कारण भूमी संस्थेपेक्षा दयाळू आहे. गच्चीवर तशी दया करणारे कोणी नाही.

चर्चेत एका वृद्ध माळ्याने जो प्रश्न केला तो आम्हांस सर्व युक्तिवादांहून मोलाचा वाटला. त्याने विचारले, “साहेब, सुट्टीच्या दिवशी गच्चीची किल्ली कोणापाशी राहील?” मंडळी हसली. पण सार्वजनिक इमारतींच्या गच्च्यांस कुलूप असते, किल्ली शिपायापाशी असते, आणि शिपाई दिवाळीस गावी जातो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास ह्या प्रश्नात हसण्यासारखे काही दिसणार नाही. नियमावलीची दहा कलमे जे बोलत नाहीत ते ह्या एका प्रश्नात आले आहे. परोपकाराच्या पुष्कळ योजना किल्लीपाशी अडून पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

ह्याच्या उलट आपल्या घराघरांतील तुळशीवृंदावन पाहा. तेही जमिनीपासून तोडलेलेच झाड. चिऱ्यांच्या किंवा विटांच्या चौथऱ्यात, ओंजळभर मातीत लावलेले. बाहेरून पाणी न मिळेल तर चार दिवसांत वाळणारे. तरी शतकानुशतके ते हिरवे राहिले आहे. कोणाचे भाषण न होता, कोणत्याही खात्याची तरतूद नसता, हे कसे साधले? घरातील स्त्रीने स्नान झाल्यावर पहिला तांब्या तिला घालावयाचा, एवढ्या एका नेमाने. लावणारी आणि पाणी घालणारी येथे एकच होती. निदान एकाच घरची होती. सासू गेली तर सुनेच्या हाती तो तांब्या येई. आणि तुळस वाळली तर ती रोज डोळ्यांपुढे वाळे. तिची उपेक्षा लपत नसे. ह्या नेमात स्त्रीच्या वाट्यास किती ओझे आले आणि पुरुषाने त्याचा किती वाटा उचलला, हा प्रश्न अवश्य विचारावा. आम्हांस त्याचे उत्तर पुरुषांच्या बाजूने देता येणार नाही. परंतु परावलंबी झाड जगवावयाचे तर ते रोजच्या नजरेत व रोजच्या वाटेवर असावे लागते, हे आपल्या आज्यांस ठाऊक होते. कुलूपबंद गच्चीवरच्या झाडाकडे कोणाची नजर जाते?

आमचे एक तरुण मित्र वास्तुविशारद आहेत. त्यांनी आमच्या ह्या म्हणण्यावर जो आक्षेप घेतला तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. ते म्हणाले, तुम्ही गच्चीस परकी जागा समजता हेच चूक. इमारत उभी राहण्यापूर्वी त्या भूखंडावर ऊन पडत होते, पाऊस पडत होता, बाभळी होत्या, त्यांवर सुगरणींचे खोपे होते. ते सर्व आपण घेतले. गच्ची म्हणजे त्याच भूखंडाचा उचलून वर नेलेला पृष्ठभाग; त्यावर झाड लावणे हे दान नव्हे की हौस नव्हे, ती ऋणाची फेड आहे. त्यांनी जपानातील फुकुओका शहराचे उदाहरण दिले. तेथे १९९५ साली सरकारी जागेवर ‘ॲक्रॉस’ नावाची एक मोठी सार्वजनिक इमारत झाली. शहराच्या मध्यभागी उरलेल्या मोकळ्या हिरव्या जागेवर ती येत होती, म्हणून एमिलिओ आम्बाझ ह्या वास्तुकाराने तिची एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरती करून शेजारच्या उद्यानास जोडली. आरंभी तेथे ७६ जातींची झाडेझुडपे लावली होती. पाखरांनी व वाऱ्याने बी आणले, आणि जातींची संख्या १२० पर्यंत गेली. आज ती इमारत दुरून टेकडीसारखी दिसते.

ऋणाचा हा विचार आम्हांस पटला, आणि त्याने आमच्या मूळ मतात पुष्कळ भर पडली. मात्र ऋण मान्य केले की ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे हेही ठरवावे लागते. फुकुओकास आमच्या येथील पावसाच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, आणि तो उन्हाळ्यातही पडतो. शिवाय तेथील बाग इमारतीबरोबरच जन्मास आली. मागाहून टोपीसारखी चढविलेली नाही. जालन्यास वर्षाकाठी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि पुढे आठ महिने आकाश कोरडे. येथील भूमीने जे दिले होते ते गवत, बाभूळ, बोर, तरवड असे दिले होते. ते तिला गच्चीवर परत करावयाचे तर वीतभर मातीत वाढणारे, उन्हाळ्यात वाळून पावसात पुन्हा उगवणारे गवत करावे. पावसाळ्यात वाल-दोडक्याचे वेल मांडवावर चढवावेत, आणि वैशाखात मांडव रिकामा दिसला तर लाज वाटून घेऊ नये. रिकामा मांडव हे ह्या प्रदेशाचे खरे रूप आहे. वृक्ष लावावयाचे तर खाली जागा काय थोडी आहे? वसाहतीतील भूखंडांच्या कडेने मोकळी सोडलेली पट्टी कित्येक ठिकाणी फरशीने मढविलेली किंवा भंगाराने भरलेली असते. ती मोकळी करून कडुनिंब लावणे गच्चीवर माती चढविण्यापेक्षा स्वस्त आहे. फक्त ते नवे दिसत नाही. पायाखालची जमीन फरशीने बुजवून माथ्यावर बाग करणे ह्यास ऋणफेड म्हणता येणार नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही आमचा आग्रह सोडण्यास तयार आहोत, आणि ते ठिकाण म्हणजे रुग्णालय. रॉजर उल्रिख ह्या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. पेन्सिल्वेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ पर्यंतच्या नोंदींतून त्याने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले, आणि त्यांस वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. जोड्या तेवीसच होत्या. परंतु ज्याने आजारपणात आठ दिवस छताकडे पाहत काढले आहेत त्यास हे पटण्यास मोठा आकडा लागणार नाही. अंगणातला कडुनिंब चौथ्या मजल्यावर पडून राहिलेल्या माणसास दिसत नाही, आणि तो माणूस खाली उतरू शकत नाही. तेथे झाडाने वर गेले पाहिजे, ते महाग पडले तरी, पराधीन असले तरी. कारण ज्याच्यासाठी ते लावावयाचे तोही त्या दिवसांत तितकाच पराधीन असतो. वॉर्डाच्या खिडक्यांसमोरच्या खालच्या गच्चीवर, खांबांच्या बरोबर माथ्यावर, मोठ्या पिंपांत चार-सहा मध्यम वाढीची झाडे ठेवावीत. हातपाय धुण्याचे पाणी गाळून त्यांस द्यावे. आणि माळ्याचा पगार औषधांच्या खर्चाबरोबर, त्याच पानावर, मांडावा. तेथे किल्लीचाही प्रश्न फारसा उरणार नाही. रुग्णालयास सुट्टी नसते, आणि पान कोमेजले तर संध्याकाळच्या फेरीपर्यंत खिडकीतून कोणीतरी परिचारिकेस ते सांगेलच.